वाचकांचे प्रश्न : जहाज सुटलेच नाही, पैसे मात्र अडकले

गेल्या अंकात समुद्रसफरींच्या वाढत्या आकर्षणाविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांतून नव्या सफरींच्या चौकशीपेक्षा २०२० मध्ये रद्द झालेल्या सफरींची हळहळच अधिक दिसली. त्यातली काही पत्रे येथे संक्षेपाने, नावे वगळून घेतली आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीपुरती आहेत. प्रत्यक्ष तक्रार करण्यापूर्वी आपले कागद एखाद्या वकिलाला दाखवावेत.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक. एप्रिल २०२० मध्ये सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझसाठी ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटाकडे विमानाच्या तिकिटांसह सगळे पैसे भरले होते. बातम्या ऐकून मुलाने धोशा लावला, म्हणून १२ मार्च रोजी आम्हीच व्हॉट्सॲपवर लिहून क्रूझ रद्द करायला सांगितले. विमानाची तिकिटे तशीच राहिली होती. ती पुढे विमान कंपनीनेच रद्द केली. एजंटाने क्रूझच्या रकमेतले निम्मे पैसे कापले आणि उरलेल्या रकमेची व तिकिटांची मिळून एकच क्रेडिट नोट दिली. तिची मुदत डिसेंबर २०२१ अखेर संपली. ह्यांच्या गुडघ्यांमुळे आम्हाला काही जाता आले नाही. एजंटाला विचारले की तो म्हणतो, ‘काकू, सरकारी आदेश होता, त्याला आमचा काय इलाज?’ हे पैसे आता मिळू शकतील का?
— एक वाचिका, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्या पत्रातील १२ मार्च ही तारीख फार महत्त्वाची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले आणि त्याच दिवशी भारत सरकारने परदेशी नागरिकांचे बहुतेक व्हिसा १३ मार्चपासून स्थगित करण्याचा निर्णय जाहीर केला. भारतीयांना अनावश्यक परदेश प्रवास टाळण्याचा सल्लाही दिला. १३ मार्च रोजी सिंगापूरने क्रूझ जहाजांना बंदर बंद केले. म्हणजे आपण रद्द करण्याचा निरोप पाठवला तेव्हा सरकारचा सल्ला होता, मनाई नव्हती. सल्ला असताना प्रवाशाने स्वतःहून माघार घेतली तर छापील अटींप्रमाणे रद्दीकरणाचा आकार लागतो. मनाई झाल्यावर सफर निघूच शकत नाही आणि मग प्रवाशाने माघार घेतली असे म्हणताच येत नाही. आणखी एक दिवस आपण गप्प राहिला असतात, तर आज आपली बाजू कितीतरी भक्कम झाली असती. हे वाचून आपल्याला वाईट वाटेल, पण त्या आठवड्यात धास्तीपोटी असेच करणारे पुष्कळ लोक होते.

आता ‘सरकारी आदेश होता’ या उत्तराविषयी. हे वाक्य अनेकांनी ढालीसारखे वापरले, आणि ते अर्धेच खरे आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे एखादी गोष्ट करणे अशक्य किंवा बेकायदेशीर झाले की तो करार रद्दबातल होतो, आणि ती न केल्याबद्दल एजंटाकडून नुकसानभरपाई मागता येत नाही. पण त्याच कायद्याचे कलम ६५ असे सांगते की करार रद्दबातल झाल्यावर ज्याने त्यापोटी काही लाभ घेतला असेल, त्याने तो परत केला पाहिजे. सरकारी आदेशामुळे सफर न नेण्याची मुभा मिळते. न नेलेल्या सफरीचे पैसे ठेवून घेण्याची मुभा त्यातून आपोआप मिळत नाही. करारात तशी स्पष्ट अट असेल तर वाद वेगळ्या वळणाने जातो, म्हणून बुकिंगच्या वेळी सही केलेला कागद आधी शोधावा.

आपल्या बाबतीत सर्वांत कळीचा प्रश्न मला दिसतो तो असा, की निम्मी रक्कम कोणी कापली? जहाज कंपनीने की एजंटाने? त्या काळात अनेक क्रूझ कंपन्यांनी, सफर कंपनीकडून रद्द झाल्यास, भरलेली पूर्ण रक्कम किंवा त्याहून जास्त किमतीचे पुढील सफरीचे क्रेडिट, असे दोन पर्याय प्रवाशांपुढे ठेवले होते. एजंटाने आपला १२ मार्चचा निरोप कंपनीला त्याच दिवशी कळवला होता काय, की कंपनीने सफर रद्द करेपर्यंत तो त्याच्याच मोबाइलमध्ये पडून राहिला? कंपनीकडून त्याला पूर्ण रक्कम आली असेल आणि आपल्याला निम्मी कापून क्रेडिट नोट मिळाली असेल, तर मधली रक्कम ठेवून घेण्यास त्याच्याकडे काहीही आधार नाही. कंपनीचे रद्दीकरणाचे पत्र आणि परताव्याचा हिशेब त्याच्याकडे लेखी मागावा. ओळखीचा माणूस आहे म्हणून संकोच करू नये; हिशेब मागणे म्हणजे आरोप करणे नव्हे.

विमानाच्या तिकिटांचे गणित मात्र निराळे आहे, आणि एजंटाने दोन्ही रकमा एकाच क्रेडिट नोटेत कोंबल्या हे मुळात चूक झाले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रवासी लीगल सेल’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना टाळेबंदीमुळे रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे परत करण्याची पद्धत ठरवून दिली. ज्या विमान कंपन्या आर्थिक अडचणीमुळे लगेच रोख देऊ शकत नव्हत्या, त्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या प्रवासासाठी वापरता येणारी जमा, देण्याची सवलत मिळाली. त्यावर जून २०२० अखेरपर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यानंतर पाऊण टक्का वाढ द्यायची होती, आणि मुदतीत ते वापरले गेले नाही तर रोख रक्कम परत करायची होती. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांचा परतावा एजंटाच्या खात्यात जायचा आणि त्याने तो प्रवाशाला द्यायचा. आपली तिकिटे कंपनीने रद्द केली, त्यामुळे या रकमेवर आपला हक्क क्रूझच्या रकमेपेक्षा कितीतरी स्पष्ट होता.

मी ‘होता’ असे लिहितो आहे, कारण ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असते. महासाथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला होता. तो वगळून आणि आपल्याला जास्तीत जास्त अनुकूल अशी मोजणी करूनही आपली मुदत फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस संपते. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ खाली पुरेसे कारण दाखवल्यास आयोग उशीर माफ करू शकतो. यजमानांच्या आजारपणाचे कागद असतील तर ते जोडता येतील, पण ‘ओळखीचे होते म्हणून थांबलो’ हे कारण आयोगापुढे टिकेल असे मला वाटत नाही. आयोगाची पायरी चढण्याआधी एजंटाला नोंदणीकृत पोस्टाने पत्र पाठवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण विक्रेत्याकडे पाठपुरावा करते आणि त्याला खर्च काही नाही. शहरात नाव राखून असलेला एजंट निदान तिकिटांच्या रकमेबाबत तडजोडीला येईल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : माणसे आजारी असलेले जहाज बंदरात घ्यायचे नाही, हे कोणत्या कायद्यात बसते? २०२० साली जहाजे दारोदार हिंडत होती, ते पाहून तेव्हाही चीड आली होती. मी समाजकार्याचा विद्यार्थी आहे आणि याच विषयावर निबंध लिहितो आहे.
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : आपली चीड रास्त आहे, पण दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय निबंध लंगडा राहील. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, २००५ यांच्या अनुच्छेद २८ प्रमाणे सार्वजनिक आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदरात येण्यापासून रोखता येत नाही. त्या बंदरात आवश्यक सोयी नसतील तर जवळच्या योग्य बंदराकडे जाण्यास सांगता येते. नियम इतका स्पष्ट असूनही तो मोडणाऱ्या देशाला शिक्षा करणारी यंत्रणा त्याच्यामागे नाही. ‘वेस्टरडॅम’ हे जहाज फेब्रुवारी २०२० मध्ये एकाही निदान झालेल्या रुग्णाशिवाय फिरत होते, तरी जपान, तैवान, ग्वाम, फिलिपाइन्स आणि थायलंड यांनी त्याला घेतले नाही. अखेर १३ फेब्रुवारी रोजी कंबोडियाने सिहानुकविल बंदरात त्याला जागा दिली. ज्या देशाची आरोग्यव्यवस्था या सर्वांत तोकडी, त्याने दार उघडले, ही गोष्ट निबंधात अवश्य यावी.

एरवी हे काम कसे चालते तेही समजून घ्या. जहाज बंदराजवळ येताना कप्तान आरोग्याचे घोषणापत्र भरतो. त्यात प्रवासात कोणी दगावले काय, कोणाला ताप आहे काय, औषधे कोणाला द्यावी लागली, असे प्रश्न असतात. जहाज ‘आमची प्रकृती ठीक आहे, प्रवेशाची परवानगी द्यावी’ या अर्थाचे पिवळे निशाण लावते. बंदर आरोग्य अधिकारी समाधान झाल्यावर परवानगी देतो आणि मगच कोणी खाली उतरते. मार्च २०२० मध्ये या नेहमीच्या व्यवहारातला विश्वासच आटला. ताप नसलेला माणूसही रोग पसरवू शकतो हे कळल्यावर घोषणापत्रातल्या ‘नाही’ या उत्तराला फारशी किंमत उरली नाही.

‘डायमंड प्रिन्सेस’चे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. हाँगकाँगला २५ जानेवारी रोजी उतरलेला एक प्रवासी १ फेब्रुवारीला बाधित आढळला. जहाज योकोहामाला पोहोचल्यावर जपानने प्रवाशांना जहाजावरच विलगीकरणात ठेवले. जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांतली ७१२ बाधित झाली. प्रवासी खोल्यांत बंद होते, परंतु त्यांना जेवण पोहोचवणारे, भांडी घासणारे, चादरी बदलणारे कर्मचारी काम करत होते आणि रात्री दाटीवाटीच्या सामायिक खोल्यांत झोपत होते. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांपैकी १३२ कर्मचारी. म्हणजे आपल्या दृष्टीने ती पर्यटकांची नव्हे, नोकरदारांची कहाणी होती, आणि वर्तमानपत्रांनी मात्र बाल्कनीतल्या प्रवाशांचीच छायाचित्रे छापली. २७ फेब्रुवारी रोजी ११९ भारतीयांना एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीला आणून मानेसर येथे विलगीकरणात ठेवले गेले. पुढे टाळेबंदीत आपल्याच खलाशांना आपल्याच किनाऱ्यावर उतरण्यासाठी वाट पाहावी लागली. ‘मरेला डिस्कव्हरी’ जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी २३ एप्रिलला मुंबईत उतरू शकले, तेही केंद्राने खलाशांसाठी खास कार्यपद्धती जाहीर केल्यावर.

दार सताड उघडे ठेवल्यास काय होते, हे सिडनीने पाहिले. १९ मार्च २०२० रोजी ‘रूबी प्रिन्सेस’वरील सुमारे २,७०० प्रवासी चाचण्यांचे निकाल हाती येण्याआधीच उतरून घरोघरी गेले आणि तिथून साथ पसरली. पुढे न्यू साउथ वेल्सच्या चौकशी आयोगाने आरोग्य अधिकाऱ्यांवर गंभीर चुकांचा ठपका ठेवला. अमेरिकेने १४ मार्चला क्रूझ जहाजांवर बंदी घातली, ती वेळोवेळी वाढवत ऑक्टोबर अखेरपर्यंत नेली आणि मग अटींवर परवानगीची पद्धत आणली. तिथल्या बंदरांतून मोठी जहाजे प्रवासी घेऊन पुन्हा निघायला जून २०२१ उजाडले.

निबंधात इतिहास घालायचा असेल तर लांब जाण्याची गरज नाही. मुंबईच्या प्लेगच्या वेळी केलेला १८९७ चा साथरोग कायदाच २०२० मध्येही हाताशी धरण्यात आला. पुण्यात रँडच्या कारभाराने काय घडवले ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्याच वर्षी युरोपीय देशांनी व्हेनिसला परिषद भरवून हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांचा प्रश्न चर्चेला घेतला आणि मुंबईहून हजला जाणारी जहाजे सरकारने थांबवली, हे फारसे कोणी सांगत नाही. जहाजे अडवण्याचा निर्णय तेव्हाही रोगाइतकाच व्यापाराच्या आणि राजकारणाच्या हिशेबाने होत असे, असे माझे मत आहे.

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षे होत आहेत, म्हणून सगळ्या भावंडांनी मिळून मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या क्रूझचे बुकिंग करायचे ठरवले आहे. एजंटाच्या फॉर्मवर ‘सरकारी निर्बंधांमुळे सफर रद्द झाल्यास फक्त क्रेडिट नोट मिळेल’ आणि ‘वाद झाल्यास मुंबईच्याच न्यायालयात’ अशा अटी आहेत. सही करावी का?
— एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : आई-बाबांना आमचा नमस्कार सांगा. सही करण्यापूर्वी पहिली अट बदलून मागा. ‘सफर कंपनीने रद्द केल्यास अमुक दिवसांत रोख परतावा, किंवा प्रवाशाच्या लेखी संमतीने क्रेडिट नोट’ एवढे शब्द पुरे आहेत. ऐंशीच्या घरातल्या माणसांना दोन वर्षांनी चालणारी क्रेडिट नोट देणे हा मोबदला कसा म्हणायचा? एजंट ‘कंपनीचा फॉर्म आहे, बदलता येत नाही’ म्हणेल. मग तेच ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसऱ्या अटीची धास्ती घेऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला वडोदराच पुरे. पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांची तक्रार जिल्हा आयोगात चालते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. अट स्वतःच अन्याय्य असल्याचे ठरवून घ्यायचे असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, ‘रूबी प्रिन्सेस’च्याच खटल्यात, प्रवाशांनी एकत्रित दावा करू नये ही तिकिटावरची अट अन्याय्य ठरवली. तो निकाल आपल्या आयोगावर बंधनकारक नाही, पण बारीक अक्षरांतले सगळे टिकतेच असे नाही, हे त्यावरून दिसते. अमेरिकेत २०२२ पासून सफर रद्द झाल्यास किंवा तीन वा त्याहून अधिक दिवस लांबल्यास परतावा द्यावा असा क्रूझसाठीच स्वतंत्र नियम आहे. आपली मुख्य भिस्त ग्राहक कायद्यावर आणि आपल्या कागदांवर.

एक शक्यता फॉर्ममध्ये सहसा नसते, तीही विचारून घ्या. सफर रद्द होत नाही, अर्ध्यात गुंडाळली जाते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या ‘कॉर्डेलिया’ जहाजावर सुमारे दोन हजार माणसे होती, त्यांतील ६६ जण बाधित आढळले आणि जहाज मुंबईला परतले. अशा वेळी न झालेल्या दिवसांचे पैसे, विलगीकरणातल्या खोलीचे भाडे आणि परतीच्या रेल्वेचा खर्च कोणी सोसायचा, हे आज विचारायला दोन मिनिटे लागतात.

पैसे क्रेडिट कार्डाने भरता आले तर उत्तम, कारण सेवा मिळाली नाही तर बँकेकडे व्यवहाराला हरकत घेण्याची सोय राहते. सर्वांच्या वतीने एकाच भावाने पैसे दिले तरी पावतीवर प्रत्येक प्रवाशाचे नाव असावे. आणि पुढे कधी परदेशी टूर पॅकेज घेतलेत तर त्यावर एजंटाने आपल्याकडून घेऊन सरकारजमा करायचा कर, म्हणजे टीसीएस, आयकर खात्याच्या सव्वीस-एएस या करविवरणात उमटला की नाही ते पाहा; सफर रद्द होऊन एजंटाने ती रक्कम वगळून परतावा दिला, तरी सरकारजमा झालेला टीसीएस आयकर विवरणपत्रात मागता येतो. अनेक जण तो विसरतात.

आणखी एक. रोगाच्या बातम्या सुरू झाल्याच तर घाईने स्वतः रद्द करू नका. फॉर्मवर पूर्ण रक्कम भरण्याची आणि रद्दीकरणाचा आकार वाढण्याची तारीख दिलेली असते; ती येईपर्यंत एजंटाला ‘आपण काय करणार?’ असे लेखी विचारत राहा आणि निर्णय त्याला करू द्या. अर्थात आई-बाबांच्या प्रकृतीचा प्रश्न असेल तर पैशांकडे पाहू नये.

प्रश्न : प्रवास विमा काढला तर महासाथीत रद्द झालेल्या सफरीचे पैसे मिळतात का?
— एक वाचिका, रावपुरा

उत्तर : बहुतेक वेळा नाही. विमा अकल्पित गोष्टीसाठी असतो. साथ जाहीर झाल्यानंतर पॉलिसी काढली तर कंपनी ती आधीच माहीत असलेली घटना मानते, आणि पुष्कळ पॉलिसींत महासाथ किंवा सरकारी आदेश हे वगळलेले असतात. प्रवासात स्वतः आजारी पडून रुग्णालयात राहावे लागले तर तो दावा वेगळ्या कलमाखाली येतो आणि त्याची शक्यता बरीच चांगली असते. म्हणून बुकिंग केल्याच्या दिवशीच पॉलिसी घ्यावी आणि तिच्यातला ‘वगळलेल्या बाबी’ हा भाग पहिल्यांदा वाचावा. दावा फेटाळला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहायची, आणि समाधान झाले नाही तर अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही, पण कंपनीच्या शेवटच्या उत्तराची प्रत अर्जाला जोडावी लागते.